विद्यापीठाची निवड की तारखांची शर्यत: बीबीए प्रवेशाचे पुण्यातील एक प्रकरण

२०२४ च्या जून महिन्यात, बारावीचा निकाल लागून तीन आठवडे झाले असताना, माझी एक माजी विद्यार्थिनी आईला घेऊन माझ्या घरी आली. मी पुण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात वीस वर्षांहून अधिक काळ पुस्तपालन आणि लेखाकर्म शिकवते, त्यामुळे मे-जूनमध्ये अशा भेटी होतच असतात. येणाऱ्या बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, ‘मॅडम, कोणतं विद्यापीठ चांगलं?’, आणि त्याचे उत्तर त्यांना चहा संपेपर्यंत हवे असते. या मायलेकींचा प्रश्न वेगळा होता. चार दिवसांपूर्वी त्यांनी एका खासगी विद्यापीठात बीबीएची (व्यवसाय व्यवस्थापनाच्या पदवीची) जागा राखून ठेवण्यासाठी ५०,००० रुपये भरले होते, पहिल्या वर्षाची उरलेली रक्कम जूनअखेर भरायची होती, आणि आपण केले ते बरोबर केले का, हे त्यांना आता विचारायचे होते.

पुढील तीन महिन्यांत या कुटुंबाचा निर्णय कसा बदलत गेला, याची ही नोंद आहे. कुटुंबाच्या संमतीने ती लिहीत आहे. कोणाचेही नाव दिलेले नाही, आणि ज्या दोन संस्थांमध्ये अखेरची निवड होती त्यांचीही नावे जाणीवपूर्वक टाळली आहेत, कारण त्या दोन संस्थांपैकी चांगली कोणती हा या नोंदीचा विषयच नाही. माझ्या मते या प्रकरणात विद्यापीठाची निवड कुटुंब करत नव्हते, शुल्क भरण्याच्या तारखा करत होत्या, आणि दरवर्षी शेकडो घरांत हेच घडताना मी पाहते.

घर आणि मुलगी

कुटुंब धायरीला राहते. वडील भोसरीतील एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअरकीपर आहेत, आई घरून दिवाळीचा फराळ, भाजण्या आणि वर्षभर लागणारी पिठे करून विकते, आणि धाकटा भाऊ त्या वेळी आठवीत होता. दोघांचे मिळून वार्षिक उत्पन्न ७ लाख ४० हजार रुपये. प्रवर्ग इतर मागासवर्ग, आणि नॉन-क्रिमिलेअरचे प्रमाणपत्र वडिलांनी आधीच काढून ठेवलेले होते. बँकेतील ठेवी आणि भिशी मिळून साडेचार लाखांच्या आसपास. मुलीला बारावी वाणिज्य शाखेत ८४ टक्के होते आणि राज्याच्या सीईटीत ८८ पर्सेंटाइल.

तिला व्यवसाय व्यवस्थापनच का शिकायचे होते, हे मी सुरुवातीलाच विचारले. ‘स्कोप आहे म्हणून’ असे उत्तर आले असते तर मी तिला आणखी एकदा विचार करायला परत पाठवले असते. तिने मात्र पिशवीतून आईची लांबट, लाल पुठ्ठ्याची वही काढली. त्या वहीत २०२३ च्या दिवाळीच्या ऑर्डरी होत्या: सोसायटीचे नाव, फ्लॅट क्रमांक, चकली किती, चिवडा किती, पैसे आले की नाही. आईच्या हिशेबात आलेले पैसे आणि दुकानदाराला दिलेले पैसे एवढेच होते. मुलीने शेवटच्या पानांवर पेन्सिलीने स्वतःचा हिशेब मांडला होता. चकलीच्या एका किलोमागे भाजणी, तेल, गॅस आणि पिशव्या मिळून २६० रुपये खर्च येतो, विक्री ४०० रुपयांनी होते, म्हणजे वरचे १४० रुपये हा नफा नसून आईच्या कष्टाची मजुरी आहे, हे तिने बारावीत असतानाच लिहून ठेवले होते. त्याखाली दुसरी नोंद होती: दिवाळीची ३१,००० रुपयांची उधारी संक्रांतीपर्यंत वसूल झालेली नव्हती. या मुलीला परिव्ययाचे (उत्पादनखर्चाचे) आणि खेळत्या भांडवलाचे प्रश्न पडलेले आहेत, फक्त त्यांची पुस्तकी नावे तिला ठाऊक नाहीत, हे ती चार पाने पाहून माझ्या लक्षात आले.

‘विद्यापीठ’ या शब्दाखाली काय काय येते

पुण्यात हा शब्द इतक्या सैलपणे वापरला जातो की पालकांचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ हे १९४९ साली स्थापन झालेले सार्वजनिक विद्यापीठ आहे (सध्याचे नाव २०१४ पासून), आणि पुणे, अहिल्यानगर व नाशिक या जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याला संलग्न आहेत. या महाविद्यालयांपैकी काही स्वायत्त आहेत, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा ती स्वतः ठरवतात, पण पदवी मात्र विद्यापीठाचीच मिळते. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे १९४३ मध्ये सुरू झालेले बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय, म्हणजे आपले बीएमसीसी, हे याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण. सिंबायोसिस आणि भारती विद्यापीठ ही अभिमत विद्यापीठे आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातील कलम ३ खाली केंद्र सरकार असा दर्जा देते, आणि तो भारती विद्यापीठाला १९९६ मध्ये व सिंबायोसिसला २००२ मध्ये मिळाला. लवळ्याचे फ्लेम (२०१५) आणि कोथरूडचे एमआयटी विश्वशांती विद्यापीठ (२०१७) ही राज्याच्या कायद्याने स्थापन झालेली खासगी विद्यापीठे. बारावीनंतर इंदूरच्या आयआयएमचा २०११ पासून चालणारा पाच वर्षांचा अभ्यासक्रम किंवा सीयूईटी या केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक परीक्षेमार्फत दिल्लीची महाविद्यालये हेही मार्ग आहेत, पण तिने त्या परीक्षा दिल्या नव्हत्या, म्हणून त्यांचा विचार इथेच संपला.

पदवी या सर्व ठिकाणची वैध आहे. ‘अभिमत म्हणजे जरा कमी’ किंवा ‘खासगी म्हणजे विकत घेतलेली’ ही जी बोलण्याची पद्धत आहे, ती मला मान्य नाही. फरक पडतो तो प्रवेशाच्या रीतीत, शुल्कावर कोणाचे नियंत्रण आहे यात आणि शासनाच्या कोणत्या सवलती कुठे लागू होतात यात.

त्यात २०२४ हे वर्ष अपवादात्मक होते. बीबीए, बीएमएस आणि बीसीए हे अभ्यासक्रम २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या, कक्षेत आले, आणि त्यामुळे राज्यात प्रथमच या अभ्यासक्रमांसाठी सीईटी आणि केंद्रीभूत प्रवेशप्रक्रिया, म्हणजे ‘कॅप’, सुरू झाली. संगणकावर घेतलेली १०० गुणांची, ९० मिनिटांची ही परीक्षा २९ मे रोजी झाली. तिच्यात इंग्रजी, तर्क, सामान्य ज्ञान आणि संगणकाची तोंडओळख होती. वाणिज्य शाखेच्या मुलांनी दोन वर्षे घासलेले पुस्तपालन तिच्यात नव्हते, याचे मला एक शिक्षिका म्हणून वाईट वाटले, हे इथे नमूद करते. पहिलेच वर्ष असल्यामुळे कित्येक मुलांना नोंदणीची मुदत संपल्यावर ही परीक्षा असल्याचे कळले आणि पुढे ऑगस्टमध्ये अतिरिक्त सीईटी घ्यावी लागली. काही महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नाव बदलून तो बी.कॉम.च्या छत्राखाली नेला आणि या प्रक्रियेबाहेर राहणे पसंत केले. परिणामी जवळपास तोच अभ्यासक्रम एका इमारतीत सीईटीने आणि दुसऱ्या इमारतीत बारावीच्या गुणांवर मिळत होता, आणि पालकांना हे समजावून सांगणारे कोणी नव्हते.

तारखांचे गणित

मूळ अडचण इथे होती. खासगी आणि अभिमत विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षा बारावीच्या निकालाच्या आसपास किंवा त्याआधीच उरकतात, निवडयाद्या मे-जूनमध्ये लागतात आणि जागा निश्चित करायला आठ-दहा दिवस मिळतात. राज्याची कॅप त्या वेळी सुरूही झालेली नसते. म्हणजे एका हातात शुल्काची मुदत असलेला ठोस प्रस्ताव आणि दुसऱ्या हातात ‘पुढे कधीतरी यादी लागेल’ एवढीच आशा. अशा वेळी घरात जी म्हण उच्चारली जाते तीच या मुलीच्या वडिलांनी उच्चारली होती: हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागू नये.

त्यात दूरध्वनींची भर पडली. निवडपत्र आल्यापासून विद्यापीठाच्या प्रवेश विभागातून रोज एक फोन येत होता. बोलणारी व्यक्ती सौजन्याने बोलत असे, पण प्रत्येक वेळी ‘तुमच्या शाखेत आता मोजक्याच जागा राहिल्या आहेत’ हे वाक्य हमखास असे. चौथ्या दिवशी, वडील पाळीवर असताना, आईने फोनवरून आलेल्या दुव्यावर ५०,००० रुपये भरून टाकले. ‘सर्वांनी भरले म्हणे, आपलीच पोर मागे राहायला नको’, हे तिचे शब्द होते. तिला दोष देण्याची माझी तयारी नाही. ज्या आईने वर्षानुवर्षे तव्यासमोर उभे राहून हे पैसे जमवले, तिने ते भीतीपोटी भरले, आणि ती भीती पद्धतशीरपणे निर्माण केलेली होती.

मी त्यांना पहिल्या भेटीत विद्यापीठांबद्दल काहीच सांगितले नाही, फक्त शुल्कपरताव्याचा नियम वाचून दाखवला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४-२५ साठी जाहीर केलेल्या धोरणानुसार ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत प्रवेश रद्द केल्यास संपूर्ण शुल्क परत द्यावे लागणार होते, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत रद्द केल्यास प्रक्रियाशुल्क म्हणून जास्तीत जास्त १,००० रुपये कापता येणार होते. हा नियम अभिमत आणि खासगी विद्यापीठांनाही लागू होता. आई काही क्षण गप्प बसली आणि मग म्हणाली, ‘म्हणजे मॅडम, आपल्याला सप्टेंबरपर्यंत वेळ आहे.’ त्या एका वाक्याने पुढचे सगळे शक्य झाले. जूनअखेरची उरलेली रक्कम भरायची नाही, भरलेले पन्नास हजार तसेच राहू द्यायचे आणि कॅपच्या याद्या लागेपर्यंत खरी तुलना करायची, असे ठरले. मुदतीत रक्कम न भरल्यास विद्यापीठ जागा रद्द करू शकते हा धोका उघड होता. तो पत्करण्याआधी वडिलांशी बोलायला मी त्यांना सांगितले, आणि वडिलांनी दोन दिवसांनी होकार कळवला.

तुलना

खासगी विद्यापीठाची पुस्तिका देखणी होती. तिच्यातील नोकऱ्यांच्या पानावर कंपन्यांची पन्नासेक बोधचिन्हे आणि ‘सरासरी वेतन’ असा मोठा आकडा होता. मी मुलीला चार प्रश्न लिहून दिले आणि ते ईमेलने विचारायला सांगितले: हा आकडा बीबीएचा की एमबीए धरून, मध्यक वेतन (सर्वांचे पगार क्रमाने लावल्यावर मधोमध येणारे) किती, तुकडीतील एकूण किती विद्यार्थ्यांपैकी किती जणांनी नोकरीसाठी नावे नोंदवली, आणि ज्यांनी पुढील शिक्षण निवडले त्यांना गणनेत कसे धरले. सरासरी आणि मध्यक यांतला फरक अकरावी-बारावीच्या मुलांना कळतो. दहा जणांत एकाला वीस लाख आणि नऊ जणांना तीन लाख मिळाले तर सरासरी चार लाख सत्तर हजार होते, आणि तेवढा पगार त्या दहांपैकी एकालाही मिळालेला नसतो. विद्यापीठाकडून आलेल्या उत्तरात पुस्तिकाच पुन्हा जोडलेली होती. तुलनेतली दुसरी संस्था म्हणजे शहरातील एक स्वायत्त महाविद्यालय; त्याच्या प्लेसमेंट विभागाने तोंडी सांगितले की बीबीएची निम्म्याहून अधिक मुले एमबीए, सीए किंवा घरच्या धंद्याकडे वळतात, म्हणून नोकऱ्यांचा आकडा लहान असतो. हे उत्तर कमी आकर्षक होते, पण ते उत्तर होते.

नॅक या मूल्यांकन परिषदेच्या श्रेणीबद्दल आणि एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीबद्दल वडिलांचा आग्रह होता. दोन्ही उपयुक्त आहेत, पण नॅकची श्रेणी संपूर्ण संस्थेला मिळते (३.५१ किंवा त्याहून अधिक गुणांक असल्यास ए++), आणि २०१६ पासून प्रसिद्ध होणाऱ्या एनआयआरएफमध्ये संशोधनापासून लोकमानसातील प्रतिमेपर्यंत पाच निकष एकत्र केलेले असतात. बीबीएच्या पहिल्या वर्षाला परिव्यय लेखांकन कोण शिकवते, हे त्या दोन्हींतून कळत नाही. ते कळण्यासाठी तिथे जावे लागते.

म्हणून जुलैमध्ये, एका मंगळवारी आणि एका गुरुवारी, मायलेकी दोन्ही ठिकाणी जाऊन आल्या. प्रवेशाच्या प्रदर्शनाच्या दिवशी न जाता वर्ग चालू असताना जायचे, ही माझी अट होती. खासगी विद्यापीठाचा परिसर तिला मनापासून आवडला, आणि आवडण्यासारखाच होता: वातानुकूलित वर्ग, शेअर बाजाराच्या व्यवहारांची प्रयोगशाळा, परदेशी विद्यापीठांशी देवाणघेवाण, आणि भेटलेली मुले मोकळी, इंग्रजी सफाईने बोलणारी. तिथून धायरीला परत यायला मात्र दोन बस बदलून पावणेदोन तास लागले. शहरातील स्वायत्त महाविद्यालयाच्या जुन्या दगडी इमारतीत तिने दुपारी ग्रंथालयात अर्धा तास काढला. नवीन पुस्तकांच्या कपाटापुढे दोन मुली परिव्ययाच्या एकाच पुस्तकावरून तुझे-माझे करत होत्या, कारण प्रती कमी होत्या. नंतर तिला जे प्राध्यापक भेटले त्यांनी तिच्याकडची लाल वही पंधरा मिनिटे उभ्याने वाचली आणि ‘गॅस कसा विभागलास?’ एवढेच विचारले. भाजण्याला आणि तळण्याला लागणारा गॅस तिने सारखाच धरला होता. घरी येऊन तिने मला फोन केला तो त्या चुकीबद्दल सांगायला. इमारतीबद्दल ती काहीच बोलली नाही.

पैशांचा हिशेब आम्ही त्याच वहीच्या कोऱ्या पानावर केला. खासगी विद्यापीठाचे शुल्क वर्षाला ३ लाख ६० हजार आणि बसचे ४५,०००, म्हणजे तीन वर्षांचे १२ लाख १५ हजार. शुल्कवाढ धरलेलीच नाही. घरातील सर्व बचत घालून वर साडेसात लाखांचे शैक्षणिक कर्ज लागणार होते, आणि या रकमेपर्यंत बँका मालमत्ता तारण मागत नाहीत म्हणून ते घेणे सोपेही होते. दरवर्षी अडीच लाख उचलायचे, व्याज साडेदहा टक्के, तीन वर्षे शिक्षण आणि नंतरचे एक वर्ष सवलतीचे, असे धरले तर फेड सुरू होईपर्यंत सरळ व्याजानेच २ लाख ३६ हजार चढतात. ९ लाख ८६ हजारांची फेड सात वर्षांत करायची तर महिन्याचा हप्ता सुमारे १६,६०० रुपये. माझ्याकडे शिकून पुढे बीबीए झालेल्या तिघींना मी त्यांचा पहिला पगार विचारला. हातात येणारी रक्कम १८ ते २५ हजारांच्या दरम्यान होती. वडिलांनी त्या दोन आकड्यांखाली रेघ मारली आणि पान उलटले. धाकट्या मुलाची बारावी नेमकी त्या हप्त्यांच्या तोंडावर येत होती.

याचा अर्थ कर्ज काढून शिकू नये असा नाही. घरी चालता उद्योग असेल, चौथ्या वर्षानंतर परदेशी शिकण्याचा पक्का बेत असेल, किंवा गुणवत्तेवर शुल्कात मोठी सवलत मिळत असेल, तर तेच विद्यापीठ योग्य ठरू शकते. एमबीए करण्याचा विचार असलेल्यांनी मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी: आयआयएमच्या एमबीएसाठी होणाऱ्या कॅट या प्रवेशपरीक्षेला कोणत्याही शाखेची मान्यताप्राप्त पदवी चालते, तिथे पदवीच्या महाविद्यालयाचे नाव ही पात्रतेची अट नाही, आणि पदवीवर घालवलेले बारा लाख पुढे एमबीएला लागणाऱ्या पंचवीस लाखांच्या आड येऊ शकतात.

एक तिसरा पर्याय, जो माझा होता

इथे मला माझी बाजू सांगितली पाहिजे. तिने अनुदानित तुकडीत साधे बी.कॉम. करावे आणि सोबत सीएमए (परिव्यय लेखापाल) किंवा सीएची तयारी करावी, असे मला वाटत होते. शुल्क काही हजारांत, मोकळा वेळ भरपूर, आणि वाणिज्य पदवीला ५५ टक्के मिळाले तर सीएच्या इंटरमीजिएटला थेट नोंदणीही करता येते. मी हे दोनदा, कदाचित आवश्यकतेपेक्षा अधिक जोर देऊन सांगितले. दुसऱ्यांदा तिने दोन्ही अभ्यासक्रमांच्या छापील प्रती समोर ठेवल्या आणि म्हणाली, ‘मॅडम, हिशेब लिहायला मला येतं. गिऱ्हाईक कसं वाढवायचं, माल कधी किती भरायचा आणि माणसं कशी लावायची, ते मला येत नाही, आणि आईलाही येत नाही.’ बीबीएच्या विषयपत्रिकेत विपणन, उत्पादन व्यवस्थापन आणि उद्योजकतेबरोबर प्रत्यक्ष प्रकल्प होता. तिचे म्हणणे बरोबर होते. शिक्षकाला आपला विषय सर्वांत मोठा वाटतो आणि सल्ला देताना तो विषयच पुढे रेटला जातो, हे त्या दिवशी माझ्या ध्यानात आले.

जुलैतील शासन निर्णय

तुलना निम्म्यावर असताना ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आला. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. त्यातील अटी वाचणे महत्त्वाचे होते: प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतूनच झालेला हवा, व्यवस्थापन कोटा आणि संस्थास्तरावरील प्रवेश चालत नाहीत, आणि खासगी अभिमत व स्वयंअर्थसाहाय्यित विद्यापीठे या योजनेतून वगळलेली आहेत. एआयसीटीईच्या कक्षेत येण्याने ज्या बीबीएची प्रवेशप्रक्रिया किचकट झाली होती, तीच पदवी त्यामुळे कॅपमधून गेलेल्या मुलींसाठी या सवलतीच्या दारात आली. या घराच्या हिशेबात स्वायत्त महाविद्यालयाच्या वर्षाच्या ५२,००० रुपयांतला मोठा भाग गळून पडला आणि किरकोळ शुल्क, पुस्तके व बसचा पास एवढाच खर्च उरला.

शुल्क घटले म्हणून निवड झाली, असे कोणी म्हणेल. क्रम तसा नव्हता. त्या मंगळवार-गुरुवारच्या भेटींनंतर मुलीने महाविद्यालय पहिल्या पसंतीवर टाकले होते. महाडीबीटीवर, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर, अर्ज करताना काय काय लागेल, हे वडिलांनी शिष्यवृत्तीच्या खिडकीवर जाऊन विचारले ते त्यानंतर. पण माफीमुळे वडिलांचा विरोध मावळला, हेही तितकेच खरे आहे.

निर्णय आणि परतावा

जागावाटपाच्या याद्या लागेपर्यंत गणपती तोंडावर आले होते. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले. प्रवेश निश्चित झाल्याची पावती हातात पडल्यावर, त्याच संध्याकाळी, तिने खासगी विद्यापीठाला प्रवेश रद्द करण्याचा लेखी अर्ज पाठवला. आधी पावती आणि मग अर्ज, हा क्रम कोणीही मोडू नये.

पहिले उत्तर आले की जागा राखून ठेवण्याची रक्कम माहितीपुस्तिकेनुसार परत मिळत नाही. आई हताश झाली होती. आम्ही आयोगाच्या परिपत्रकाची प्रत जोडून, त्यातील तारखांचा उल्लेख करून, कोणताही कठोर शब्द न वापरता दुसरे पत्र लिहिले आणि ठरावीक दिवसांत उत्तर न आल्यास आयोगाच्या ‘ई-समाधान’ या तक्रार पोर्टलवर नोंद करू, असे शेवटी कळवले. सतरा दिवसांनी पूर्ण ५०,००० रुपये खात्यात जमा झाले. तक्रार करावी लागली नाही. मात्र पत्रव्यवहार फोनवर न करता ईमेलवर केला, पैसे भरल्याची पावती जपून ठेवली आणि ३० सप्टेंबरच्या आत अर्ज केला, या तीन गोष्टी नसत्या तर हे इतके सरळ झाले नसते, असे मला वाटते.

तिने काय गमावले, तेही लिहिले पाहिजे. देवाणघेवाणीचा एक परदेशी सत्राचा मार्ग तिच्यापुढे आता नाही. वर्गात सगळे इंग्रजीत बोलतात अशा वातावरणाची तिला गरज होती, ती गरज महाविद्यालयात अर्धीच भागते, आणि सादरीकरणाच्या वेळी आपण अडखळतो हे ती स्वतः सांगते. खासगी विद्यापीठाचे पहिल्या वर्षाचे वर्ग जुलैअखेर सुरू झाले होते, हिचे सप्टेंबरमध्ये सुरू झाले, म्हणून पहिले सत्र धावतपळत उरकावे लागले. स्वारगेटपर्यंतची मेट्रो त्याच महिन्याच्या अखेरीस सुरू झाली, त्यामुळे येण्याजाण्याचा त्रास थोडा कमी झाला, पण धायरी ते स्वारगेट हा टप्पा अजून बसच्या भरवशावरच आहे. चौथ्या, ऑनर्सच्या वर्षाचा प्रश्नही उघडा आहे. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडता येते किंवा चौथे वर्ष करता येते, आणि तिला हे २०२७ मध्ये ठरवायचे आहे. परदेशात पदव्युत्तर शिक्षणाचा विचार तोवर पक्का झाला तर चौथ्या वर्षाला अर्थ आहे, एरवी ती आईसोबत धंद्यात उतरणार म्हणते.

ऑक्टोबरमध्ये पहिल्या सत्राच्या प्रकल्पासाठी तिने चकलीचेच परिव्ययपत्रक केले. या वेळी गॅस भाजणे आणि तळणे यांत वेगळा विभागला होता, आणि प्रथमच आईच्या वेळेला किंमत लावली होती: किलोमागे अडीच तास, मदतनीस बाईला देतात त्याच ८० रुपये तासाच्या दराने. भाव ४६० निघाला. आईने २०२४ च्या दिवाळीला ४४० लावला आणि ऑर्डर घेतानाच निम्मे पैसे आगाऊ घेतले. राहिलेल्या वीस रुपयांवर मायलेकींचे अजून एकमत झालेले नाही.